रानाच्या उंबरठ्यावर

टिटवाळ्यास कण्व मुनींचा आश्रम होता अशी येथील जुनी आख्यायिका आहे. शकुंतलेने येथल्या महागणपतीची आराधना केली आणि दुरावलेला पती तिला पुन्हा मिळाला, असे लोक पिढ्यान्‌पिढ्या सांगत आले. त्यामुळे ज्यांचे विवाह जुळत नाहीत, किंवा जुळून बिनसले आहेत, अशी मंडळी मोठ्या आशेने येथे लोकलमधून उतरतात. कालिदास हाच आश्रम दूर हिमालयाच्या पायथ्याशी, मालिनी नदीच्या तीरी ठेवतो. आमच्याकडे आहे ती काळू नदी. हा वाद मिटवण्याची आम्हांस मुळीच घाई नाही. आमचे लक्ष त्या नाटकाच्या पहिल्या अंकातील निराळ्याच एका गोष्टीकडे आहे.

हरणाचा पाठलाग करीत राजा आश्रमाच्या सीमेशी येतो, तेव्हा एक तापस आडवा होऊन, हे आश्रमातले हरीण आहे, यास मारू नये, असे बजावतो. राजा बाण उतरवतो. एवढेच नव्हे, तर पुढे आत शिरण्यापूर्वी अंगावरचे अलंकार आणि हातातले धनुष्य काढून तो सारथ्याच्या स्वाधीन करतो. विद्यार्थी हा भाग भराभर उलटतात, कारण शकुंतला अजून रंगभूमीवर यावयाची असते. आम्हांस मात्र रानात कसे जावे याविषयी इतके थोडक्यात आणि इतके नेमके अन्यत्र कोठे वाचल्याचे स्मरत नाही. इंग्रजी कवितेने आमच्या पिढीस सृष्टिसौंदर्याचे धडे दिले हे खरे. परंतु त्या कवितेतला डॅफोडिल आम्ही अद्याप पाहिलेला नाही, आणि पळस तर दर शिमग्यास दारात पेटलेला असतो.

टिटवाळ्याहून कसाऱ्याकडची गाडी धरली, की खडवली आणि वासिंद मागे टाकून आसनगाव येते. तेथून काही मैलांवर पायथ्याचे माहुली गाव, आणि त्यावर सुमारे २,८०० फूट उंचीचा माहुलीचा किल्ला. पळसगड, माहुली व भंडारगड अशी ही तीन दुर्गांची जोडणी आहे. १६३६ साली शहाजीराजांनी बालनिजामशाहासह अखेरचा आश्रय घेतला तो येथेच, आणि येथल्या वेढ्यानंतर अहमदनगरची निजामशाही संपली. किल्ल्याच्या सुळक्यांपैकी तिघांस लोकांनी नवरा, नवरी आणि भटजी अशी नावे दिली आहेत. विवाहाचा गणपती टिटवाळ्यास आणि हे वऱ्हाड येथे खोळंबलेले! असो. हा सारा डोंगर तानसा अभयारण्यात मोडतो. त्याच रानातल्या तानसा तलावाचे पाणी १८९२ पासून मुंबईकर पितात.

गेल्या माघात आम्ही पुन्हा एकदा हा गड चढलो. पन्नाशी उलटलेल्या गुडघ्यांस लोखंडी शिडी आवडत नाही, म्हणून गावातले एक ठाकूर गृहस्थ सोबतीस घेतले. वयाने ते आमच्याहून थोडे वडील. पहिला अर्धा तास आम्ही त्यांना निजामशाहीचा इतिहास ऐकवला. त्यांनी तो शांतपणे ऐकून घेतला आणि मग म्हणाले, "मास्तर, आता बोलणं जरा बाजूला ठेवा." त्यानंतर जे ऐकू आले त्यात अद्‌भुत असे काही नव्हते. सागाच्या वाळक्या पानांवरून सरडा पळाला. खालच्या दरीत वानराने एकदाच खाकरल्यासारखा आवाज केला, आणि आमचे सोबती मिनिटभर तिकडे कान लावून उभे राहिले. बिबट्या होता की नव्हता, ते त्यांनी सांगितले नाही व आम्हीही विचारले नाही. परतताना खांद्यावर गाणी वाजवणारे यंत्र घेतलेली तरुणांची एक टोळी वर चढत होती. त्यांच्या तारुण्याबद्दल आमची तक्रार नाही. पण त्यांनी धनुष्य खाली ठेवले नव्हते.

रानात शिरताना अहंता न उतरवल्याने केवढी हानी होते, याचे एक उदाहरण याच अरण्याशी निगडित आहे. रानपिंगळा हा घुबडाच्या जातीचा छोटा पक्षी. शास्त्रज्ञांस तो १८७२ साली प्रथम मिळाला, आणि १८८४ नंतर त्याचा खरा नमुना कोणाच्याच हाती आला नाही. मध्ये कर्नल माइनर्ट्‌झहागेन यांनी १९१४ साली तापीकाठी आपण तो मिळवल्याचे नोंदवले होते. हा नमुना वास्तविक संग्रहालयातून चोरलेला आणि नव्या चिठ्ठीने सजवलेला निघाला. ही लबाडी पामेला रासमुसेन या विदुषींनी उघडकीस आणली. ती खोटी नोंद बाजूस सारून, जुन्या खऱ्या नोंदींच्या आधारे त्या व त्यांचे सहकारी शोधास निघाले, आणि १९९७ च्या नोव्हेंबरात शहाद्याजवळ त्यांना रानपिंगळा जिवंत दिसला. एका शूर म्हणवणाऱ्या प्रवाशाच्या बढाईने एवढा काळ खऱ्या शोधकांची दिशाभूल केली. पुढे २०१४ साली तोच पक्षी तानशाच्या रानात आढळला. हा पिंगळा दिवसाउजेडी वावरतो, हे येथे मुद्दाम सांगितले पाहिजे.

तानशाच्या परिसरात ठाकूर, कातकरी, वारली यांची वस्ती आहे, आणि या रानाशी त्यांचा व्यवहार कोणत्याही अधिसूचनेहून जुना आहे. वनहक्काचा कायदा २००६ साली झाला. अभयारण्य या शब्दातील अभय कोणास, हा प्रश्न आम्हांस वर्गात सुचला नसता; माहुलीच्या वाटेवर तो सुचतो. ज्याच्या पायाखालची ही वाट आहे त्याने रानाच्या कडेने भीत चालावे, आणि आम्ही शनिवारी तिकीट काढून निर्भय व्हावे, ही व्यवस्था कण्वांच्या आश्रमात तरी नसावी.

खाली उतरल्यावर आम्ही पिशवीतले पक्ष्यांचे पुस्तक काढून आमच्या सोबत्यांस रानपिंगळ्याचे चित्र दाखवले आणि हा कधी पाहिला आहे काय, असे विचारले. त्यांनी पुस्तक उन्हात धरले. "दिवसा दिसतो एक बुटका, मोठ्या डोक्याचा. तोच का, ते तुमचं पुस्तक सांगंल." मग चित्रावर बोट न टेकवता, जरा वरच धरून म्हणाले, "पाय मात्र बरोबर काढलेत." नंतर त्यांनी पुस्तकाची किंमत विचारली, आणि ती ऐकताच ते दोन्ही हातांनी आम्हांस परत केले.