दामटावे की बदलावे?

कृषी खात्यात उमेदीची वर्षे घालवलेल्या माणसाने संगणकावर लिहावे, याचे काही वाचकांना नवल वाटेल. पण केळीच्या पैशातून जसा ठिबक संच येतो, तसा आता मुलांचा संगणकही येतो. आणि यंत्र घरात आले की त्याचे तंटेही घरातच मिटवावे लागतात. असाच एक तंटा गेल्या उन्हाळ्यात आमच्या डोंगरकड्याच्या घरी उभा राहिला.

माझ्या थोरल्या बंधूंचा मुलगा शेती पाहतो. रात्रीच्या पाळीची वीज असली की मोटार चालू करायला तोच जातो. त्याला शौक एकच, संगणकावरच्या खेळांचा. त्याच्या संगणकात रायझन ५ १६०० हा २०१७ साली बाजारात आलेला प्रोसेसर. प्रोसेसर म्हणजे सारे हिशेब करणारा भाग. नवे खेळ त्यावर अडखळू लागले, तेव्हा मित्रांनी सांगितले, 'ओव्हरक्लॉक कर', म्हणजे नेमून दिलेल्या वेगापेक्षा त्याला जास्त पळव. खर्च काही नाही. दुसरा मार्ग नवा प्रोसेसर घेण्याचा. त्याला दहा हजारांच्या आसपास लागणार. दादा कडाडले, "बी-खताचा पैसा खेळात घालू का?" पोरगा उठून गेला आणि बापलेकांचे बोलणेच बंद पडले. शेवटी वहिनींचा निरोप आला, "भाऊजी, तुम्हीच काय ते बघा."

मी पुतण्याला विचारले, "अडतंय कुठं, ते पाहिलंस का?" पीक खुंटले की आपण आधी कमतरता शोधतो. जमिनीत जस्त कमी असेल, तर युरियाची पोती ओतून उपयोग नाही. जो घटक सर्वांत तोकडा, तोच उत्पन्न ठरवतो, हा नियम जर्मन शास्त्रज्ञ लीबिग याने एकोणिसाव्या शतकातच लोकांपुढे मांडला. संगणकालाही तो लागू पडतो. खेळात चित्रे काढण्याचे काम ग्राफिक्स कार्डाचे, हिशेबाचे प्रोसेसरचे. परीक्षा सोपी आहे. चित्राची बारकाई, म्हणजे रिझोल्यूशन, कमी करून पाहावे. वेग चांगला वाढला तर अडचण कार्डाची. होता तेवढाच राहिला तर बहुधा प्रोसेसरची. आम्ही आधी पंख्यातली धूळ झाडली, मग ही परीक्षा घेतली. वेग होता तेवढाच राहिला.

मग दामटावे का? इथे हिशेब पाहा. प्रोसेसरचे ठोके वाढवायचे तर बहुधा त्याला विजेचा दाबही वाढवून द्यावा लागतो. लागणारी वीज ठोक्यांच्या प्रमाणात वाढते, पण दाबाच्या वर्गाच्या प्रमाणात. दोन्ही दहा-दहा टक्के वाढवले, तर वीज आणि उष्णता सुमारे ३३ टक्के वाढते, आणि खेळाचा वेग फार तर दहा टक्के. पंखा हवेनेच गारवा देतो. मे महिन्यात आपल्याकडे पारा ४२ अंशांवर गेला की ती हवाच तापलेली असते. प्रोसेसर ९५ अंशांच्या जवळ गेला की जिवाला जपण्यासाठी आपणहून मंदावतो. म्हणजे दामटल्याचा फायदा तिथेच संपला. शिवाय त्यातून नुकसान झाले, तर ते कंपनीच्या हमीत बसत नाही.

मोठमोठ्या कंपन्यांनाही याच उष्णतेने अडवले. इंटेलने ४ गिगाहर्ट्झचा पेंटियम ४ आणण्याचा बेत २००४ साली सोडला आणि एकाच चिपवर दोन गाभे बसवण्याकडे मोर्चा वळवला. आपल्या पुण्यात सी-डॅकने १९९१ साली 'परम ८०००' हा महासंगणक उभा केला, तोही अनेक प्रोसेसर एकत्र जुंपूनच.

त्याच्या मदरबोर्डावर २०२२ सालचा रायझन ५ ५६०० चालतो, असे कंपनीच्या यादीत सापडले. गाभे दोघांनाही सहाच, पण नवा एका ठोक्यात जास्त काम उरकतो आणि त्याचे ठोकेही मुळातच जास्त. म्हणजे बाकी संगणक बदलण्याची गरज नव्हती.

उरले दादा. मी म्हणालो, "दादा, शंकरपटाच्या बैलांना तुम्ही बदाम चारायचे, तेव्हा आबा काय म्हणायचे?" दादा जरा वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, "पेरणी होऊ दे आधी." पुतण्याने ते मानले. शेजारच्या रानांतली ठिबकची कामे करून त्याने निम्मे पैसे जमवले. उरलेले दादांनी न मागता दिले.

एक सूचना आवर्जून करतो. नव्या प्रोसेसरसाठी आधी मदरबोर्डातील बायॉस हा मूळ कार्यक्रम नवा करावा लागतो. ते चालू असताना वीज गेली तर बोर्ड निकामी होऊ शकतो. म्हणून हे काम इन्व्हर्टरवरच करावे. आम्ही तसेच केले. दादा तेवढा वेळ मुलाशेजारी बसून होते.

वाचकहो, तुमच्या घरातही मूल उद्या असे काही मागेल. हो किंवा नाही म्हणण्याआधी, अडते कुठे, ते त्याच्याजवळ बसून पाहा.