हळू आवाजातलं नाव

वाईतलं आमचं बालमंदिर यंदाच्या उन्हाळ्यात पाडलं. मी पोचले तेव्हा जोत्याचे दगड तेवढे उरले होते आणि कंत्राटदाराची माणसं सागवानी तुळया टेम्पोत चढवत होती. वाडा किती जुना, किती देखणा, हे आळीतले सगळे हळहळून सांगत होते. माझी नजर मात्र माजघरातली शहाबादी फरशी शोधत होती. तिच्यावर पांढऱ्या रंगानं एक मोठा लंबगोल आखलेला असायचा. एका पावलाच्या अंगठ्याला दुसऱ्याची टाच लावत, हातात पाण्यानं भरलेला पेला धरून आम्ही त्या रेषेवरून चालायचो. पाणी हिंदकळू नये म्हणून श्वाससुद्धा बेतानं घ्यायचो.

आम्हाला शिकवणाऱ्या ताई कोसबाडला शिकून आल्या होत्या. मारिया मॉन्टेसरींनी १९०७ साली रोमच्या सान लोरेन्झो वस्तीत, कष्टकऱ्यांच्या मुलांसाठी पहिलं बालगृह उघडलं. त्यांचा विचार गिजुभाई बधेका आणि ताराबाई मोडक यांनी भावनगरला आपल्या मातीत रुजवला. पुढे १९४५ मध्ये ताराबाई बोर्डीला गेल्या, अनुताई वाघ तिथे त्यांना येऊन मिळाल्या, आणि ते काम नंतर कोसबाडच्या टेकडीवर, वारली मुलांमध्ये पोचलं. महागडं साहित्य गरिबाच्या पोराला कुठून मिळणार, म्हणून बिया, शिंपले, खडे, पानं हेच तिथे साहित्य झालं. ताईंनी तेच वाईत केलं. मोजायला चिंचोके, हलकं-जड ओळखायला कृष्णेतले गोटे. गुलाबी मनोरा तेवढा त्यांनी गावातल्या सुतारकाकांकडून हट्टानं करून घेतला होता. दहा ठोकळे, सर्वांत मोठा दहा सेंटिमीटरचा, सर्वांत लहान एकाचा. तो इवलासा ठोकळा शेवटी वर ठेवताना बोटं थरथरायची. चुकला तर मनोराच सांगायचा, ताईंना काही बोलावं लागायचं नाही.

बोलायच्या त्या कमीच. खरखरीत कागदाचं ‘ग’ समोर ठेवायच्या, दोन बोटं त्यावरून फिरवून दाखवायच्या, आवाज म्हणायच्या आणि बाजूला व्हायच्या. मी डावरी. डाव्या हाताची बोटं फिरवली, तरी त्यांच्या कपाळावर आठी आली नाही. तांब्यातून वाटीत पाणी ओतताना निम्मं फरशीवर जायचं. ताई दोन्ही हात पाठीमागे गुंफून उभ्या असायच्या. कोपऱ्यात फडकं कुठे टांगलंय हे मला ठाऊक होतं, आणि मला ते ठाऊक आहे हे त्यांना ठाऊक होतं. तेवढ्यावर आमचं भागायचं.

एक तास मात्र मनातून जात नाही. श्रावणातली सकाळ होती, कौलांवरून पागोळ्या गळत होत्या. ताईंनी शांततेचा खेळ मांडला. खिडक्या ओढून घेतल्या, आम्हाला डोळे मिटायला सांगितलं आणि त्या पलीकडच्या खोलीत गेल्या. आधी नुसता पाऊस ऐकू आला. मग पागोळी दगडावर पडते तेव्हाचा आणि चिखलात पडते तेव्हाचा आवाज वेगळा लागू लागला. मावशींच्या बांगड्या, लांबून घाटावरची घंटा, शेजारच्या मुलाचं नाक. आणि मग पलीकडून, जेमतेम ऐकू येईल असं, एकेकाचं नाव. ज्याचं नाव येईल त्यानं पाय न वाजवता उठून ताईंकडे जायचं. एकेक जण उठत गेला. माझं नाव येईना. डोळे मिटलेलेच होते, पण आजूबाजूची जागा रिकामी होत चाललेली अंगाला कळत होती. ताई मला विसरल्या असतील, असं एकदाही वाटलं नाही. याचं मला आजही नवल वाटतं, कारण तेव्हा घरात आजारपण होतं आणि मी सगळ्यांच्या विसरण्यातच वाढत होते. माझं नाव घरी यायचं ते कामाला जोडून किंवा रागाला जोडून, आणि नेहमी मोठ्यानं. शेवटी ते आलं. दोनच अक्षरं, सावकाश. मी गेले तेव्हा ताई कानाशी म्हणाल्या, “सगळ्यांत जास्त थांबता येतं, तिला शेवटी बोलवायचं असतं, बाळ.”

पुढे पहिलीत ज्या शाळेत गेले, तिथे डाव्या हातावर लाकडी पट्टी बसली. उजव्या हातानं लिहायला शिकले, अक्षर वळणदार आहे असं लोक म्हणतात. त्या वळणाचं मला कधीच कौतुक वाटलं नाही. मारणाऱ्या बाई दुष्ट नव्हत्या, घाईत होत्या. त्यांना पोर्शन संपवायचा होता. आता वाटतं, मुलांवर होणारे बहुतेक अन्याय या घाईतूनच होतात. ताईंची सगळी विद्या हात आवरण्याची होती. मूल धडपडतंय हे दिसत असताना मध्ये न पडणं किती अवघड आहे, हे मला स्वतःच्या लेकीच्या बुटाच्या नाड्या बांधताना उमगलं.

वाड्याच्या जागी इमारत होणार आहे. खाली गाळे आणि वर, म्हणतात, नर्सरी. होऊ दे. भिंतींवर कार्टून असोत की नसोत, माझं भांडण त्याच्याशी नाही. तीन वर्षांच्या मुलांना चार रेघी वही देऊन गृहपाठ घालणाऱ्या आणि त्याची जाहिरात करणाऱ्या घाईशी आहे. म्हणून नव्या आईबापांना माझं एवढंच सांगणं आहे. शाळा बघायला जाल तेव्हा फी विचारा, बस विचारा, कॅमेरे विचारा. पण त्याआधी अर्धा तास वर्गाच्या दाराशी उभे राहा. एखादं पोर पाणी सांडेल. बाई धावत जाऊन पुसतात की थांबतात, तेवढं बघा. थांबत असतील तर प्रवेश तिथेच घ्या.