न झालेली लढाई

परीक्षकाच्या हातातील तांबड्या लेखणीला एक प्रकारचा मद असतो. दुसऱ्याच्या चुका शोधण्याचे काम पंचवीस-तीस वर्षे केले, म्हणजे आपल्या हातूनही चूक होऊ शकते ही गोष्टच मनुष्य विसरून जातो. गेल्या सहामाहीस पहिल्या इंग्रज-मराठा युद्धाच्या परिणामांवर मी एक प्रश्न घातला होता. एका विद्यार्थ्याने सालबाईच्या तहाची कलमे नीट लिहून शेवटी पदरचे एक वाक्य जोडले होते : 'हे युद्ध झालेच नसते, तर आमच्या खाडीत आज मासळी असती.' मी त्या वाक्याखाली रेघ ओढली, समासात 'इतिहासात जर-तरला स्थान नाही' असा शेरा मारला आणि पुढची उत्तरपत्रिका हाती घेतली.

रात्री गठ्ठा संपवून गच्चीवर गेलो. वारा कोणत्या दिशेचा आहे हे कळण्यास आम्हा देवनारकरांना वेधशाळेची गरज लागत नाही. ते काम आमचे नाक करते. त्या रात्री वारा कचऱ्याच्या डोंगरावरून येत होता. त्या डोंगरापलीकडे तिवरांची रांग आणि तिच्यापलीकडे ठाण्याची खाडी. तो विद्यार्थी त्याच खाडीकाठच्या कोळीवाड्यातला, हे मला एकाएकी आठवले. आणि मघाशी दोन शब्दांत निकालात काढलेले ते वाक्य माझ्याशी वाद घालण्यास उभे राहिले.

खरे म्हणजे जर-तरचा हा खेळ कोणी खेळलेला नाही? जेवणाच्या पानावर बसून आपण पानिपत किती वेळा जिंकले आहे! थोरल्या माधवरावांना १७७२ मध्ये, ऐन सत्ताविसाव्या वर्षी, क्षयाने नेले नसते तर, या विषयावर आमच्या घरात भाताची शिते हातावर वाळेपर्यंत चर्चा झालेली मला आठवते. मात्र या खेळात एक लबाडी असते. आपण खोडतो ते नेहमी आपले पराभव. १७३७ ते १७३९ ची वसईची मोहीम झालीच नसती तर काय झाले असते, असे कोणी कधी विचारले आहे? तेही युद्धच होते. पोर्तुगिजांकडे १५३४ पासून असलेली ही साष्टी आणि तिला लागून असलेले आमचे तुर्भे बेट त्याच युद्धाने मराठ्यांच्या हाती आले. परंतु ते पान आपण खोडीत नाही, कारण ते आपल्या आवडीचे आहे.

तेव्हा लबाडी न करता हा खेळ एकदा खेळून पाहावा, असे मी ठरविले. साष्टीवर इंग्रजांचा डोळा जुनाच होता. मुंबई बेटात नारळ उदंड, पण भात अपुरे. बंदर उत्तम, पण त्याच्या पाठीशी असलेली जमीन परक्याची. मॉस्टिन नावाचा वकील १७७२ मध्ये त्यांनी पुण्यास ठेवला, तो साष्टी व वसई मिळविण्याची खटपट करण्यासाठीच. पुणे दरबार एकजूट होता तोवर ती खटपट व्यर्थ होती. ३० ऑगस्ट १७७३ रोजी शनिवारवाड्यात नारायणरावांचा खून झाला आणि ती एकजूट मोडली. पोर्तुगीज आरमार साष्टी परत घेण्यास येत आहे, ही आवई इंग्रजांना निमित्तास पुरली. १७७४ च्या डिसेंबरअखेर त्यांनी ठाण्याचा किल्ला चढाई करून घेतला. राघोबादादांनी आधी साष्टी-वसई देण्याचे नाकारले होते. पण अडीच हजार फौजेच्या आशेने ६ मार्च १७७५ रोजी सुरतेस त्यांनी तहावर सही केली. जी साष्टी इंग्रजांनी दोन महिन्यांपूर्वीच गिळली होती, तीच त्यांना दान केली! पुढे जानेवारी १७७९ मध्ये वडगावास इंग्रज फौज कोंडीत सापडली, तेव्हा साष्टी परत देण्याचे वचन कागदावर आले. पण मुंबईकर व कलकत्तेकर दोघांनीही तो कागद झिडकारला. अखेर १७८२ च्या सालबाईच्या तहात वसई मराठ्यांना परत मिळाली आणि साष्टी इंग्रजांकडे राहिली ती राहिलीच.

आता हे सारे झालेच नाही असे समजू. मुंबई पाँडिचेरीसारखे एक टुमदार बंदर होऊन राहिली असती. आज ज्याला सायन म्हणतात ती आपली शीव. ती नावाप्रमाणे खरोखरीची शीव राहिली असती. गव्हर्नर डंकनच्या कारकीर्दीत शीव आणि कुर्ला यांच्यामध्ये जो बांध पडला, त्याला पुण्याची परवानगी लागली असती. १८५३ ची आगगाडी बोरीबंदराहून ठाण्यास जाताना वाटेत सरहद्द ओलांडती. मी रोज कुर्ल्याच्या जकातनाक्यावर परवाना दाखवून शहरात गेलो असतो. अर्थात इंग्रजी शिकून पोट भरणाऱ्या माझ्यासारख्याला शहरात कोणी बोलावले असते तर.

इथवर मौज वाटली. मग मासळीचा प्रश्न आला. आपल्या खेड्यांत मरीआईचा गाडा शिवेपार नेऊन सोडण्याची चाल होती. रोगराई आपल्या गावाबाहेर गेली म्हणजे झाले. पलीकडच्या गावाचे पलीकडचे गाव पाहून घेईल! मोठी शहरे स्वतःला सुधारलेली म्हणवितात, पण ती काही निराळे करीत नाहीत. १९२७ पासून मुंबईचा कचरा देवनारास येऊन पडू लागला, तेव्हा मुंबई महापालिकेची हद्द माहीम आणि शीव येथेच संपत होती. म्हणजे घाण टाकण्यापुरते देवनार शहराचे होते आणि शहराच्या कारभारात बोलण्यापुरते ते शिवेबाहेरचे होते. शिवेच्या दोन्ही बाजूंस एकच सरकार नसते, तर हा गाडा इतक्या बिनबोभाट पलीकडे गेला असता का? दोन सरकारांत खलिते तरी गेले असते. पोराच्या वाक्यातला कार्यकारणभाव मला वाटला तितका पोकळ नव्हता.

पण तो पुरताही नव्हता. पुण्याच्या सरकाराने या चिखलाची राखण केलीच असती, असे कशावरून? कर्जाने वाकलेल्या दरबाराने मुंबईकरांकडून चार लाख रुपये घेऊन हीच खाजण जमीन कचऱ्यासाठी लिहून दिली नसती, अशी ग्वाही मी तरी देणार नाही. १५३४, १७७५, १७८२ : प्रत्येक वेळी साष्टी एका हातातून दुसऱ्या हातात गेली किंवा राहिली, आणि येथल्या आगरी, कोळी, भंडारी, किरिस्तावांपैकी कोणाला कोणी एक शब्द विचारला नाही. अपवाद एकच. वसईच्या मोहिमेपूर्वी अणजूरच्या गंगाजी नाइकांसारख्या या प्रांतातल्याच माणसांनी पोर्तुगिजांच्या छळाविरुद्ध पुण्याकडे दाद मागितली होती, आणि ती ऐकली गेली. ते पान कोणी खोडू इच्छीत नाही, याला विजयाखेरीज हेही एक कारण असावे.

आमचे जर-तर म्हणजे गादीवर कोण बसला असता याची चौकशी. त्या मुलाचा 'जर' गादीविषयी नव्हताच. आपल्या दाराशी काय आणून टाकायचे हे आपल्याला कोणी विचारले असते का, एवढेच त्याला पुसायचे होते. जानेवारी २०१६ मध्ये हा डोंगर पेटला, तेव्हा कित्येक दिवस आम्ही धूर गिळला. वर्तमानपत्रांत शहराच्या हवेविषयी पुष्कळ लिहून आले. त्या धुराच्या अगदी तळाशी राहणाऱ्यांची गोष्ट मला तरी त्या दिवसांत सुचली नव्हती. मी खिडक्या लावून घेतल्या होत्या.

दुसऱ्या दिवशी त्या विद्यार्थ्याला बोलावले. समासातला शेरा मी खोडला होता आणि दोन गुण वाढविले होते. तो घाबरतच आला.

"सर, ते वाक्य चुकलं का?"

"वाक्य चुकलं नाही. त्याच्याआधी चार वाक्यं हवी होती."

"वेळ संपली होती, सर."

मला हसू आले. जाता जाता मी सहज विचारले, "खाडीत मासळी कोणती असे रे?"

त्याने बोटे मोडीत निवटी, बोय, चिंबोरी, कोळंबी अशी नावे घेतली. मग जरा थांबून म्हणाला, "हे आजोबा सांगतात, सर. त्यांच्या वेळेइतकी मी कधी पाहिली नाही."

त्याची उत्तरपत्रिका मी त्याच्या हाती दिली. समासात खोडलेल्या शेऱ्याचा तांबडा डाग राहिला होता. तो त्याने पाहिला, पण काही बोलला नाही.