तिसरा आठवडा

उमेळ्याची जमीन सखल. नायगाव स्टेशनाकडून पश्चिमेला आलं की मिठागरं, भातशेतं आणि मग वाड्या: केळी, माड, जास्वंद, सोनचाफा. पाऊस सरल्यावर मिठागरांत भरतीचं पाणी घेतात, ते एका वाफ्यातून दुसऱ्यात सोडत नेतात, आणि उन्हाळ्यात मिठाच्या पांढऱ्या राशी दिसायला लागतात. दुपारी वाऱ्याला खारट ओल असते. पापड वाळवणाऱ्या बाया त्याला नावं ठेवतात. मला तो वारा लागतोच. अंगणात त्याच्याकडे तोंड करून बसले की श्वास मोकळा होतो.

पहाटेच्या लोकलला वसईकडच्या फुलवाल्या असतात, टोपल्या घेऊन दादरच्या बाजाराला निघालेल्या. मी परळला, टाटाला जाणारी. दिव्यांगांच्या डब्यात कर्करुग्णांनाही बसता येतं, तरी कधीकधी मी फुलवाल्यांबरोबर बायकांच्या डब्यात चढते. नायगाव सुटलं की खाडीचा पूल, मध्ये पाणजू बेट, होड्या. केमो झाल्यावर आठवडाभर मात्र सोनचाफ्याचा वास सोसत नाही. जन्मभर ज्या फुलासाठी जीव टाकला, त्याच्यापासून तोंड फिरवावं लागतं. केस गेले तेव्हा मी रडले नव्हते. या वासासाठी रडले.

पाळी जाऊन वर्षं लोटल्यावर अंगावरून जायला लागलं, तर आमच्याकडे ‘उष्णता असेल’ म्हणतात. कळकळीनं सांगते, एक डाग दिसला तरी त्याच आठवड्यात डॉक्टरकडे जावं. गर्भाशयाचा कर्करोग बहुतेकदा असाच स्वतःहून वर्दी देतो, आणि लवकर सापडला तर पुष्कळ बाया बऱ्या होतात. माझी पिशवी काढली, शेक झाले. हा आजार परततो तो बहुधा पहिल्या तीन वर्षांत. माझा परतला, पोटातल्या लसिका ग्रंथींत आणि फुप्फुसात.

‘आता फुप्फुसाचाही झाला,’ असं वाडीत पसरलं. तसं नसतं. फुप्फुसात जाऊन बसलेल्या पेशी गर्भाशयातल्याच असतात, म्हणून औषधही त्याच रोगाचं द्यावं लागतं. कार्बोप्लॅटिन आणि पॅक्लिटॅक्सेल, दर 21 दिवसांनी सलाईनमधून. काहींना संप्रेरकांच्या गोळ्या चालतात. काहींच्या गाठीतल्या पेशींना आपल्या जनुकातल्या चुका दुरुस्त करता येत नाहीत. त्यांना इम्युनोथेरपीचा चांगला उपयोग होतो, पण ती औषधं फार महाग, आमच्यासारख्या घराला हिशेब मांडायलाही धीर लागतो.

मेहेरबाई टाटा 1931 साली रक्ताच्या कर्करोगानं गेल्या. टाटांच्या ट्रस्टनं परळचं हे रुग्णालय उघडलं 1941 साली. फाटकातून शिरताना मला मधली दहा वर्षं आठवतात. एका बाईचं जाणं कुणीतरी तितका काळ मनात धरून ठेवलं. आत बाकांवर आसाम, बिहार, विदर्भातल्या बाया फाईल छातीशी धरून बसलेल्या असतात. तिथं कुणी कुणाला ‘बरी झालीस का?’ विचारत नाही. ‘कितवी सायकल?’ विचारतात.

गावात विचारतात. विहिरीवर, बाजारात, लग्नघरी. विचारणाऱ्याच्या डोळ्यांत माया असते, आणि म्हणूनच उत्तर जड जातं. ‘हो’ खोटं. ‘नाही’ म्हटलं की माझ्याकडे बघताना त्यांना तिरडी दिसायला लागते. या दोन्हींच्या मध्ये मी राहते आहे, आणि ते राहणं खरं आहे. त्यात भांडणं आहेत, सुनेला शिकवायचं राहिलेलं मासळीचं खारवण आहे, लाईटबिल आहे. मला ‘योद्धा’ म्हणू नका. लढाईत हरणाऱ्याकडे दोष जातो, आणि माझ्या ओळखीच्या ज्या गेल्या, त्यांच्यात काहीही कमी नव्हतं.

दुखायला लागलं तेव्हा डॉक्टरांनी मॉर्फिनच्या गोळ्या लिहून दिल्या. घरात सगळे गप्प झाले. ते शेवटचं औषध, अशी समजूत. त्या गोळीनं मला रात्रभर झोप लागली आणि सकाळी उठून मी भाकऱ्या थापल्या, तेव्हा ती भीती निघाली. दुखणं सोसण्यात कसलं पुण्य नाही, हे मला आता ठामपणे वाटतं.

हल्ली कुणी विचारलं की सरळ सांगते: आजार आहे, राहणार आहे, औषध चालू आहे. पहिला आठवडा मी कुणाच्या कामाची नसते, दुसऱ्यात रक्तातल्या पेशी उतरतात म्हणून गर्दी नको. तिसऱ्यात ये, जेवायलाच ये. तेव्हा तोंडाला चव असते, आणि सुकटीचा वासही चालतो.