बलन्सियाचा 'सीद'

स्पेनच्या पूर्व किनाऱ्यावर वॅलेन्सिया हे शहर आहे. अरबी तवारिखांत त्याचे नाव बलन्सिया. तिथल्या एका मोठ्या चौकात घोड्यावर स्वार झालेल्या, निशाण उंचावलेल्या योद्ध्याचा पुतळा उभा आहे. नाव एल सीद. इसवी सन १०९४ मध्ये मुस्लिमांच्या हातून हे शहर घेणारा तो हाच. गंमत अशी की हे नाव स्पॅनिश नाही. ते अरबी 'सय्यिद', बोलीभाषेत 'सीदी', म्हणजे माझे धनी. आपल्या जंजिऱ्याच्या सिद्दींच्या नावाचा उगमही अनेक अभ्यासक याच शब्दात शोधतात. ख्रिस्ती स्पेनच्या सर्वांत मोठ्या वीराला 'माझे मालक' असे प्रथम म्हणणारे लोक बहुधा त्याच्या पदरचे आणि त्याला खंडणी भरणारे मुस्लिमच असावेत.

आमचा भाचा तिथे नोकरीला आहे, म्हणून मे महिन्याच्या सुट्टीत आम्ही उभयता आठ दिवस त्याच्याकडे राहून आलो. अंदलुस म्हटले की आपल्याकडच्या घरांत कुर्तबाची मस्जिद आणि गरनाताचा अल-हमरा यांचेच नाव निघते. वॅलेन्सियाला जायचे असे सांगितल्यावर नातलगांनी "तिथे काय आहे?" असे विचारले. तिथे काय आहे ते सांगण्यासाठीच हा लेख.

सीदचे खरे नाव रोद्रिगो दियाझ. बुर्गोसजवळच्या विवार गावचा. कास्तीयचा राजा सहावा अल्फोन्सो याची मर्जी गेली आणि १०८१ मध्ये त्याला हद्दपार व्हावे लागले. मग तो कुठे गेला? सरकुस्ता, म्हणजे आजच्या सारागोसाच्या बनू हूद घराण्याच्या मुस्लिम दरबारात. तिथे त्याने काही वर्षे चाकरी केली आणि आपल्या मुस्लिम मालकासाठी बार्सिलोनाच्या ख्रिस्ती काउंटला लढाईत कैदही केले. उर्दूत नसीम हिजाझींची 'यूसुफ बिन ताशफीन' वाचत वाढलेल्या आमच्या पिढीच्या मनात त्या काळाचे चित्र अगदी साफ असते, इकडे इस्लाम आणि तिकडे सलीब. वर्गात मुलांना इतिहास शिकवताना ते सोयीचेही पडते. पण अकराव्या शतकातला अंदलुस त्या चित्रात बसत नाही. खिलाफत मोडून छोटी-छोटी राज्ये झाली होती. ती एकमेकांविरुद्ध ख्रिस्ती तलवारी भाड्याने घेत आणि वरून ख्रिस्ती राजांना खंडणीही भरत. खंडणीचा पैसा रयतेच्या खिशातून जाई. शहर हातचे जाण्याची तयारी वेढा पडण्याच्या कितीतरी आधी अशी चालू होती.

बलन्सियाच्या गादीवर तेव्हा अल-कादिर होता. तो मूळचा तुलैतुला, म्हणजे टोलेडोचा सुलतान. १०८५ मध्ये ते शहर अल्फोन्सोच्या हवाली करून त्याच्याच फौजेच्या आधाराने तो बलन्सियात येऊन बसला. पुढे त्याचे रक्षण सीद करू लागला, अर्थात पैसे घेऊन. ऑक्टोबर १०९२ मध्ये सीद दूर असताना शहरात उठाव झाला. पुढारी होते काझी इब्न जह्हाफ. अल-कादिर मारला गेला, त्याचा खजिना गायब झाला आणि काझीसाहेब शहराचे मालक झाले. अल-कादिरचा सूड घेण्याचे निमित्त करून सीद परतला आणि १०९३ मध्ये त्याने शहराभोवती फास आवळला.

जुन्या शहरातल्या एल कार्मेन मोहल्ल्यात त्या तटबंदीचे तुकडे अजून उभे आहेत. तट अकराव्या शतकातला, अल-मन्सूरचा नातू अब्दुल अझीझ याच्या कारकिर्दीतला. एका बाजूला घरे, दुसऱ्या बाजूला कॉफीची दुकाने आणि मध्ये तो जाड बुरूज. आम्ही तिथे बराच वेळ थांबलो. तटाच्या आत काय घडत होते ते इब्न अल्कमा या बलन्सियाच्याच माणसाने लिहून ठेवले आहे. तो वेढ्याच्या काळात हयात होता. त्याची मूळ किताब हरवली. तिचा मजकूर इब्न इधारीच्या तवारिखेत आणि कास्तीयच्या दरबारी बखरीत उतरला म्हणून वाचला. पराभूत शहराची कैफियत विजेत्यांनी आपल्या बखरीत जपावी हे आम्हांला विलक्षण वाटते. इब्न अल्कमाने लढाईची वर्णने कमी आणि भाव जास्त दिले आहेत. या महिन्यात गहू काय भाव, पुढच्या महिन्यात काय, मग जव, मग मांस. घर चालवणाऱ्या कोणत्याही माणसाला ती यादी वाचून घाम फुटेल. पुढे यादीत मांजरे आणि उंदीर येतात, त्यापुढे मुडदे. उपाशी लोक बाहेर पडू लागले तेव्हा सीदने त्यांना तटासमोर जाळण्याचा हुकूम दिला. आत खाणारी तोंडे जितकी जास्त, तितके शहर लवकर शरण येणार, हा त्याचा हिशेब होता. पोवाड्यातल्या दिलदार वीराशेजारी हेही ठेवले पाहिजे.

मुराबितांची मदत आली नाही असे नाही. त्यांची फौज इतकी जवळ आली की रात्री बुरुजांवरून तिच्या शेकोट्या दिसल्या. सीदने वाटेतले पूल मोडून मळ्यांत पाणी सोडले होते. पाऊसही कोसळत होता. सकाळी कळले, फौज परत गेली. जून १०९४, हिजरी ४८७, मध्ये शहराने दरवाजे उघडले.

सुरुवातीला सीदचे वागणे अदबीचे होते. आठवड्यातून दोन दिवस स्वतः फिर्यादी ऐकीन, शरीअतीने ठरवले त्याहून जास्त कर घेणार नाही, असे त्याने जाहीर केले. मग खजिन्याची चौकशी निघाली. खजिना आपल्याकडे नाही अशी शपथ काझींनी घेतली होती, तो सापडला. त्यांना कमरेपर्यंत खड्ड्यात पुरून भोवती आग पेटवली गेली. इब्न बस्सामने लिहिले आहे की यातना लवकर संपाव्यात म्हणून काझींनी जळते निखारे स्वतःच्याच हातांनी अंगाकडे ओढले. त्यांच्या बायको-मुलींनाही जाळायचा सीदचा इरादा होता. लोकांनी गयावया करून तो सोडायला लावला. इब्न जह्हाफ शहीद की सत्तेचे लोभी, यावर आम्हा मियां-बीवीतच एकमत झाले नाही. आमच्या मते दोन्ही.

हाच इब्न बस्साम सीदला शिव्याशाप देतो आणि त्याच दमात त्याची हिंमत ही अल्लाहच्या कुदरतीची एक करामत होती अशी कबुलीही देतो. सीदसमोर अरब वीरांचे किस्से वाचले जात आणि अल-मुहल्लबच्या किश्शाला तो बेभान होई, हेही त्यानेच नोंदवले. दुश्मनाबद्दल इतके खरे लिहायला जिगर लागते.

विमानतळावरून शहरात येणाऱ्या मेट्रोत क्वार्ट नावाचे स्टेशन लागते. तिथेच १०९४ च्या शरदात सीदने मुराबितांच्या मोठ्या फौजेचा पराभव केला. १०९७ मध्ये त्याचा एकुलता मुलगा लढाईत मारला गेला. १०९९ मध्ये तो स्वतः बलन्सियातच वारला. मेलेल्या सीदला घोड्यावर बांधून लढाई जिंकल्याची गोष्ट १९६१ च्या सिनेमाने जगभर पोचवली. खरी हकिकत त्याची बेवा हिमेना हिची आहे. तिने तीन वर्षे शहर राखले. १०९८ मध्ये सीदने जामा मस्जिदीच्या जागी केलेल्या चर्चला इनाम दिल्याचा दस्तऐवज आजही आहे. पण १०९९ नंतर पैसा नव्हता आणि माणसेही नव्हती. १०९४ मध्ये इतक्या जिवांच्या मोलाने घेतलेले शहर अवघ्या आठ वर्षांत, मे ११०२ मध्ये, अल्फोन्सोने आग लावून सोडून दिले. राखेत मुराबित शिरले. पुढे १३६ वर्षे तिथे पुन्हा अजान होत राहिली. शहर कायमचे गेले ते १२३८ मध्ये, आरागॉनच्या जाउमे राजाच्या हाती.

मस्जिदीच्या जागेवर आज कथीड्रल आहे. तिचा मिगेलेते मनोरा २०७ पायऱ्यांचा. गुडघे सलामत असतील तर चढा, वरून सगळे मळे दिसतात. गुरुवारी दुपारी बारापूर्वी मात्र खाली उतरा. कथीड्रलच्या एका दाराबाहेर, उघड्यावर, काळे अंगरखे घातलेले आठ शेतकरी खुर्च्यांवर बसतात. हे पाण्याचे पंच. तुरिया नदीच्या आठ पाटांचे एकेक प्रतिनिधी. ही रीत मुस्लिम अमदानीपासूनची मानली जाते. मस्जिद गेल्यावर मुस्लिम शेतकऱ्यांना चर्चमध्ये जाता येईना म्हणून पंचायत बाहेर बसू लागली, असे लोक सांगतात. कागद नाही, वकील नाही. पाळी चुकवून कोणी पाणी घेतले तर जागेवर निवाडा आणि दंड. पाटाला तिथे 'असेकिया' म्हणतात, अरबीतले 'अस-साकिया'. पुकारा करणारा शिपाई 'अल्ग्वासील', म्हणजे चक्क अल-वझीर! वझिराचा शिपाई झाला, पण हाताला काम राहिले.

आम्ही गेलो त्या गुरुवारी फिर्याद एकही नव्हती. शिपायाने आठही पाटांची नावे एकेक करून पुकारली, कोणी पुढे आले नाही, पंच उठले. पाच मिनिटांत सगळे आटोपले आणि पर्यटक हिरमुसले.

जेवणाची सोय विचाराल तर रुसाफा मोहल्ल्यात जा. उमवी शहजादा अब्दुल्लाह अल-बलन्सी याने आठव्या-नवव्या शतकात तिथे रुसाफा नावाची बाग लावली होती. १२३८ च्या वेढ्यात जाउमेची छावणीही तिथेच पडली होती. आज त्या गल्ल्यांत मोरोक्कोहून आलेल्या लोकांची हलाल गोश्ताची दुकाने आहेत. भाताचे पदार्थ शहरात सगळीकडे मिळतात. मात्र त्यात काय-काय घातले आहे ते विचारून घ्या. संत्र्याला तिथे 'नारांहा' म्हणतात. आपल्या नारंगीनेच फारसी-अरबीतून केलेला तो प्रवास. दुकानदाराला आम्ही 'नारंगी' म्हटले, त्याने बरोबर एक किलो तोलून दिली.