शाबासकी

‘स्क्रब्स’ ही २००१ साली सुरू झालेली अमेरिकन विनोदी मालिका एका रुग्णालयात घडते. तेथे नवखा डॉक्टर जे. डी. हा ज्येष्ठ डॉ. कॉक्स यांना मनोमन गुरू मानतो. कॉक्स मात्र त्याला मुलींच्या नावांनी हाका मारतात, चारचौघांत पाणउतारा करतात. शाबासकीचे नाव नाही. (जुन्या पेढ्यांवर उमेदवारी केलेल्यांना हा स्वभाव अनोळखी वाटू नये.) क्रोध आणि मान हे दोन्ही कषाय त्यांच्या ठायी काठोकाठ. मुख्याधिकारी डॉ. केल्सो यांच्याशी त्यांचे हाडवैर, कारण केल्सोंना विमा नसलेला रुग्ण तोट्याची नोंद वाटतो. अर्थात, तिजोरीही कोणीतरी सांभाळावीच लागते.

२००६ मधील एका भागात हसू थांबते. एका मृत स्त्रीचे अवयव कॉक्स तीन रुग्णांना देववितात. तिला रेबीज झाला होता, हे मागाहून कळते. तिघेही दगावतात. दोघांजवळ वेळच नव्हता. तिसरा मूत्रपिंडासाठी आणखी महिनाभर थांबू शकला असता. मृत्यूचा दोष स्वतःकडे घेतला की परतीची वाट उरत नाही, ही कॉक्स यांचीच शिकवण जे. डी. त्यांना ऐकवतो. ते मान्य करतात आणि निघून जातात.

पुढे ते मद्यप्राशन करून कामावर येतात. दुखावलेला शिष्य त्यांच्या घरी फिरकत नाही. अखेर जातो, तेव्हा उपदेश करीत नाही. वीस वर्षांच्या डॉक्टरकीनंतरही रुग्ण गेल्याचे त्यांना इतके लागते, आपल्यालाही असाच डॉक्टर व्हायचे आहे, एवढेच तो सांगतो. आजवर शाबासकीसाठी ताटकळलेला शिष्य त्या दिवशी ती गुरूला देतो.