टक्के किती पडले?

आमच्या नामपूरला कुणाच्या घरी निकाल लागला, की गल्लीभर बातमी व्हायला चहा उकळण्याइतकाही वेळ लागत नाही. आणि पास की नापास हे विचारून कुणाचं समाधान होत नाही. दुसरा प्रश्न ठरलेलाच. आमच्या सासूबाई शाळेची पायरी चढल्या नाहीत, पण त्यासुद्धा नातीला आपल्या अहिराणीत हेच विचारतात, "पास हुयनी ना? मंग कितला टक्का पडनात?"

दोन वर्षांपूर्वी, २०२४ च्या उन्हाळ्यात, लेकीचा बी.एस्सी.चा शेवटचा निकाल लागला तेव्हा या साध्या प्रश्नानं मला चांगलंच अडचणीत आणलं. म्हणजे खरं सांगायचं तर प्रश्नानं नाही, माझ्याच घाईनं. मैत्रिणींनो, तुमच्यापैकी बऱ्याच जणींच्या घरी आता अशीच गुणपत्रिका येत असेल. म्हणून माझी फजिती मोकळेपणी सांगते.

लेकीनं मोबाइलवर निकाल पाहिला आणि ओरडली, "आई, सात पॉइंट चौसष्ट!" मी पोळ्या लाटत होते. सात पॉइंट चौसष्ट म्हणजे काय ते मला नीट कळलं नाही. पण माझ्या नाशिकच्या बहिणीचा मुलगा सीबीएसईच्या शाळेत दहावी झाला, तेव्हा त्यालाही असेच पॉइंट मिळाले होते, एवढं आठवत होतं. त्या मंडळानं २००९-१० पासून दहावीला श्रेणी सुरू केल्या होत्या, आणि टक्के हवे असतील तर पॉइंटला साडेनऊनं गुणायचे. (पुढे २०१८ पासून तिथे पुन्हा गुण आले.) आता साडेनऊनं तोंडी कोण गुणत बसणार? मी आपलं दहानं गुणलं. म्हणजे टिंब एक घर पुढे सरकवलं. शहात्तर पूर्णांक चार! लाटणं तसंच टाकलं आणि बाहेर जाऊन ह्यांना सांगितलं, "अहो, शहात्तर टक्के पडले!"

आता ह्या शहात्तराला एवढं महत्त्व का, ते सांगायला हवं. लेकीला नाशिकला राहून एम.एस्सी. करायचं होतं. आमची डाळिंबाची बाग. तेल्या रोगानं एकदा पार झोपवली होती, ती आत्ता कुठे सावरत होती. वसतिगृहाचा, खानावळीचा खर्च झेपेल का, याची ह्यांना काळजी. शिवाय मालेगावकडून एक स्थळही सुचवलेलं होतं. म्हणून ह्यांनी सरळ अट घातली होती, "पंच्याहत्तरच्या वर पडले तर पाठवू. नाही पडले तर ते स्थळ बघून घेऊ." त्यामुळे माझ्या तोंडून शहात्तर निघाले आणि हे लगेच चपला घालून पेढे आणायला गेले. मी तोवर नणंदेला, बहिणीला, शेजारी, सगळीकडे सांगून मोकळी झाले.

आठ-दहा दिवसांनी लेक ओट्यावर बसून प्रवेशाचा अर्ज भरत होती. मी मागून डोकावले. टक्क्यांच्या रकान्यात तिनं लिहिलं होतं, ६३.

"अगं, ६३ काय लिहितेस? शहात्तर ना?"

ती खाली बघत म्हणाली, "त्रेसष्टच आहेत, आई. कॉलेजच्या ऑफिसातून तसा दाखला आणलाय."

माझ्या पोटात खड्डाच पडला. पहिला विचार मनात आला तो वाईटच. पोरीनं आपल्याला फसवलं! आवाज चढवून म्हटलं, "मग त्या दिवशी शहात्तर का सांगितलेस?"

"मी सात पॉइंट चौसष्ट सांगितलं होतं. शहात्तर तू केलंस."

"आणि मी गावभर सांगत होते तेव्हा तोंड शिवलं होतं का तुझं?"

तिचे डोळे भरून आले. म्हणाली, "पप्पा पेढे घेऊन आले होते ना. मला बोलवेना."

यावर मी काय बोलणार! तिच्याशेजारी बसले आणि म्हटलं, "बरं, मला हे सगळं पहिल्यापासून समजावून सांग. मी बी.ए. झालेय, अगदीच अडाणी नाही."

तिनं सांगितलं ते असं. आपल्या नाशिक जिल्ह्यातली कॉलेजं पुणे विद्यापीठाची. हे विद्यापीठ १९४९ साली स्थापन झालं आणि २०१४ पासून त्याला सावित्रीबाई फुल्यांचं नाव आहे. विद्यापीठ अनुदान आयोगानं सगळ्या देशासाठी क्रेडिट आणि दहा पॉइंटांची पद्धत आखून दिली. आमच्या विद्यापीठात बी.ए., बी.कॉम., बी.एस्सी.च्या पहिल्या वर्षाला ती २०१९ च्या जूनपासून लागू झाली. २०२४-२५ पासून नव्या शैक्षणिक धोरणाचे अभ्यासक्रम आले, तरी क्रेडिट आणि श्रेणी आहेतच.

यात गुणांवरून आधी अक्षर मिळतं आणि अक्षरावरून पॉइंट. लेकीच्या अभ्यासक्रमात ८० आणि त्यावर गुण असले की 'ओ' म्हणजे १० पॉइंट, ७० ते ७९ ला 'ए प्लस' म्हणजे ९, ६० ते ६९ ला 'ए' म्हणजे ८, ५५ ते ५९ ला 'बी प्लस' म्हणजे ७, ५० ते ५४ ला ६, ४५ ते ४९ ला ५ आणि ४० ते ४४ ला ४. चाळीसच्या खाली सरळ शून्य.

इथेच माझी चूक मला कळली. साठ गुण मिळाले तरी पॉइंट आठच. मी त्या आठाला दहानं गुणून ऐंशी करत होते! ज्या मुलीला सगळ्या विषयांत साठ-बासष्ट आहेत, तिचा आकडा आठ येईल. पण तिचे टक्के काही ऐंशी होत नाहीत.

"मग हा आटापिटा कशासाठी?" मी विचारलं. "सरळ टक्के द्यायला काय झालं होतं?"

ती म्हणाली, "आई, एकसष्टवाली आणि चौसष्टवाली यांच्यात खरंच काही फरक असतो का? पेपर तपासणाऱ्याचा हात थोडा सैल-आखडता झाला तर तेवढे इकडचे तिकडे होतात. म्हणून दोघींना एकाच श्रेणीत ठेवायचं."

हे मला पटलं. कारण १९९८ साली मी बी.ए. झाले, तेव्हा मला ५९ टक्के पडले होते. फर्स्ट क्लास थोडक्यात हुकला. आमचे वडील बिचारे बोलले काहीच नाहीत, पण पेढेही आणले नाहीत. पण मग मी तक्ता पुन्हा पाहिला आणि तिला म्हटलं, "अगं, यातही ५९ ला सात आणि ६० ला आठ. माझं दुखणं काही गेलं नाही!" ती हसली. म्हणाली, "काठावरच्याला काठ लागणारच. पण तुझा फक्त एका विषयाचा एक पॉइंट गेला असता, आई. सगळा क्लास नाही."

मग क्रेडिट. आठवड्याला एक तास, असं सत्रभर शिकवलं की साधारण पंधरा तास होतात, त्याचा एक क्रेडिट. प्रॅक्टिकलला त्याच्या दुप्पट वेळ धरतात. ज्या विषयाचे क्रेडिट जास्त, त्याचं वजन जास्त. चार क्रेडिटच्या विषयात आठ पॉइंट आणि दोन क्रेडिटच्या विषयात पाच पॉइंट मिळाले, तर आठ आणि पाचाची साधी सरासरी साडेसहा धरायची नाही. चार आठे बत्तीस आणि दोन पाचे दहा, मिळून बेचाळीस. त्याला सहा क्रेडिटनी भागायचं, की आले सात. एका सत्राचा असा आकडा काढला की तो एसजीपीए आणि सगळ्या सत्रांचा मिळून सीजीपीए.

हे सांगता सांगता तिनं सहाही सत्रांच्या गुणपत्रिका सतरंजीवर ओळीनं मांडल्या. मी एकेक आकडा वाचू लागले. ७.८२. ७.९१. मग एकदम ६.५५. मग ७.४५, ८.०० आणि ८.०९.

"हे तिसऱ्याला काय झालं गं?"

"काही नाही. तेव्हा जरा वेळ कमी पडला."

मी वर्ष पाहिलं. २०२२. आणि मला एकदम सगळं आठवलं. त्या पावसाळ्यात सासूबाई अंगणात घसरून पडल्या. खुब्याचं हाड मोडलं. मालेगावला ऑपरेशन झालं. मी त्यांच्याबरोबर दवाखान्यात तीन आठवडे होते आणि घरी आल्यावरही दोन-अडीच महिने त्यांचं सगळं जागेवरच. तेव्हा पहाटे उठून धाकट्याचा डबा, ह्यांची न्याहारी, गड्यांचा चहा हे सगळं या पोरीनं केलं होतं आणि मग ती कॉलेजात जायची. दवाखान्यातून मी परत आले, त्या दिवशी पिठाचा डबा रिकामा दिसला. "एवढं दळणही आणवलं नाही का तुझ्याच्यानं?" असं तिला टाकून बोललेलंही मला आठवलं. ती काही बोलली नव्हती. त्या महिन्यांत अभ्यास कधी करतेस, हे मात्र मी एकदाही विचारलं नव्हतं.

सहा सत्रांचे सहा आकडे समोर होते आणि त्यातला एक असा खड्ड्यासारखा खाली गेलेला. शेवटी एकच टक्का हातात पडला असता, तर तो खड्डा मला कधी दिसला नसता. 'पोरगी कमी पडली' एवढंच मी म्हटलं असतं.

रात्री ह्यांना सांगायचं म्हणजे मोठं धैर्यच हवं होतं. सासूबाई झोपल्यावर विषय काढला. "अहो, ते शहात्तर माझं चुकलं. त्रेसष्ट आहेत."

ह्यांचा चेहरा उतरला. "म्हणजे पोरीनं खोटं सांगितलं?"

"तिनं नाही. मी गुणाकार चुकवला."

हे गप्प. मग मी ती सतरंजी पुन्हा अंथरली आणि गुणपत्रिका मांडल्या. वजनाचा हिशेब ह्यांना समजवायला काहीच वेळ लागला नाही. "समजा, चार क्विंटल कांदा १५०० च्या भावानं गेला आणि दोन क्विंटल ९०० नं, तर सरासरी काय पडली?" बाराशे म्हणणारे हे नव्हेत. लगेच म्हणाले, "तेराशे. माल जास्त तिकडे भाव ओढणारच." मी म्हटलं, "हेच ते क्रेडिट." श्रेणीचं तर सांगावंच लागलं नाही. आपणहून म्हणाले, "म्हणजे डाळिंबाची प्रतवारीच की. एका कॅरेटमध्ये थोडं लहान-मोठं फळ एकाच भावानं जातं." मग मी तिसऱ्या सत्रावर बोट ठेवलं आणि म्हटलं, "हे आजीच्या ऑपरेशनचं."

त्यांनी ती एक गुणपत्रिका हातात घेतली, चष्मा लावून कितीतरी वेळ पाहिली. बोलले काहीच नाहीत. दिवा मालवला. मला काही झोप लागली नाही. सकाळी अंघोळ करून आले आणि लेकीला विचारलं, "त्या फॉर्मची शेवटची तारीख कधी आहे?"

मालेगावच्या स्थळाला नंतर पाहू म्हणून कळवलं. मीही मग फोन करून करून सगळ्यांना दुरुस्ती सांगितली. नणंद म्हणाली, "वहिनी, कुणी विचारलं होतं का तुम्हाला? शहात्तरच राहू द्यायचे होते." पण खोट्या आकड्याचं ओझं पोरीनं का वाहावं? ६३ म्हणजे पहिला वर्गच, त्यात लपवण्यासारखं काय आहे!

माझ्या अनुभवावरून दोन-तीन गोष्टी सांगते. पॉइंटला दहानं गुणून टक्के काढू नका. प्रत्येक विद्यापीठाची आणि मंडळाची रीत वेगळी असते, त्यामुळे भाच्याचं सूत्र लेकीला लावू नका. श्रेणीचा तक्ताही आपल्याच विद्यापीठाचा पाहा. नोकरीच्या किंवा शिष्यवृत्तीच्या अर्जात टक्क्यांचा रकाना असेल, तर कॉलेजातून रूपांतराचा दाखला वेळेवर मागून घ्या आणि त्यावरचाच आकडा लिहा. सगळ्या सत्रांच्या मूळ गुणपत्रिका एका फाईलमध्ये नीट लावून ठेवा, शेवटची एकटी पुरत नाही. आणि त्या नुसत्या ठेवू नका, एकदा मुलांजवळ बसून ओळीनं वाचा. कुठे आकडा घसरला असेल तर रागावण्याआधी त्या महिन्यांत घरात काय चाललं होतं, ते आठवून पाहा.

लेक नाशिकला गेली. तिथल्या पहिल्या सत्राचा निकाल लागला तेव्हा तिनं फोन केला. मी काही बोलायच्या आत सासूबाईंनी फोन ओढून घेतला आणि विचारलंच, "कितला टक्का पडनात?" पलीकडून ती खळखळून हसत होती. फोन माझ्या हातात आला तेव्हा मी आधी विचारलं, "बाई, जेवणखाण वेळेवर होतं ना? अभ्यासाला वेळ मिळतो ना?"

आकडा तिनं मागाहून आपणच सांगितला.